तिघांचा वर्ग

सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मला अजून तासाला उशीर झाल्यासारखं वाटतं. आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाला आम्ही तिघंच होतो. एका दुपारी मला चार भिंतींत बसवेना. बाकीचे दोघे असतीलच, या भरवशावर मी तास बुडवून रेवदंड्याच्या धक्क्यावर गेले, तर जाळ्यांच्या ढिगाआड ते दोघे बसलेले! "तू हितं? मग वर्गात कोण हाय?" एकाने दचकून विचारलं. तिघंही धावत सुटलो. सर रिकाम्या बाकांसमोर भरलेला फळा पुसत होते. "झाला तो धडा. उद्या पुढचा," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खरंच पुढचा घेतला. पुस्तकातून मी तो धडा कितीदा तरी वाचलाय. पण त्या बाकांना सरांनी काय सांगितलं असेल, ही रुखरुख काही जात नाही.