तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

व्हर्लिन नायगार्डला उभ्या आयुष्यात एकच गोष्ट नीट जमली. कॉरविक कंपनीची बोटीची मोटर उघडायची आणि बरी करायची. मिनेसोटाच्या उत्तरेला आमच्या तळ्यांवर या हिरव्या मोटरी अजून शेकड्यांनी चालतात. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, सुटे भाग सांभाळून ठेवणारा माणूस हा एकच. त्याची वेबसाइट कॉरविकडॉक्टर डॉट कॉम. लांबलांबची गिऱ्हाइकं याच नावावर त्याला शोधत यायची. हे नाव गेलं तर गॅरेजात बसून माशा माराव्या लागतील, हे तोही जाणून होता.

मार्चमध्ये, तळी गोठलेली असतानाच, कॅलिफोर्नियाहून वकिलाचं पत्र आलं. कॉरविक हे नाव म्हणे कोणा नव्या कंपनीनं विकत घेतलंय, ती बोटींच्या विजेवरच्या मोटरी बनवते. तुमच्या वेबसाइटच्या नावात आमचा ट्रेडमार्क आहे, लोकांना ती साइट आमचीच वाटते, असं पत्रात होतं.

व्हर्लिननं ते चारदा वाचलं. डोकं भणभणलं.

"मी कॉरविक दुरुस्त करतो, मग काय फ्रीजडॉक्टर म्हणू?" तो बायकोला म्हणाला. "आणि दर वर्षी पैसे भरतो ते नाव माझं नाही, तर मी इतकी वर्षं घेतोय तरी काय?"

"मला काय विचारतोस? त्यांना फोन कर," लॅव्हॉन म्हणाली.

वकीलबाई, ग्रोव्ह नावाच्या, बोलायला चांगल्या निघाल्या. "मिस्टर नायगार्ड, तुम्ही काही भामटे नाही, ते दिसतंच आहे. कंपनीशी संबंध नाही असं पहिल्या पानावर ठळक लिहा, परवान्यावर सही करा, नाव तुमच्याकडेच राहू दे. पाठवू कागद?"

व्हर्लिनचा जीव भांड्यात पडला. आणि आमच्याकडचा माणूस अशा वेळी जे म्हणतो, तेच तो म्हणाला. "छे छे, नको. तुम्हाला कशाला एवढा त्रास!"

"नक्की?"

"अहो नको, खरंच."

"बरं. तशी नोंद करते," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आता आमच्याकडे साध्या कॉफीलाही कोणी एकदम हो म्हणत नाही. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप चालेल." पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट. आणि तिसऱ्यांदा न विचारणारा असा कोणी असतो, हे व्हर्लिनच्या गावीही नव्हतं. बिचारा दोन आठवडे फोनजवळून हलला नाही.

फोन नाहीच, तक्रार आली. कंपनीनं केलेली, वेबसाइटच्या नावांचे तंटे सोडवणाऱ्या लवादाकडे. वीस दिवसांत उत्तर द्या.

"नको म्हणालास?" लॅव्हॉन ओव्हनमधून काढलेलं हॉटडिशचं भांडं आपटत ओरडली. "वकिलाला?"

"दोनदाच म्हणालो गं!"

सुनावणीला जायचं म्हणून त्यानं लग्नाकार्याचा सूट बाहेर काढला. तेव्हा कळलं, सुनावणीच नाही, सगळं कागदावर. मग त्यानं तीन पानं लिहिली. 'मला परवाना हवाच होता. आणखी एकदा विचारलं असतं तर घेतला असता.' आपली सेवा किती चांगली हे दाखवायला त्यानं गिऱ्हाइकांची पत्रंही जोडली. त्यांतली कित्येक टेक्सासहून, नव्या विजेच्या मोटरींबद्दल, यालाच कंपनी समजून लिहिलेली. यानं सगळ्यांना प्रेमानं उत्तरं दिली होती. समोरच्याची चूक दाखवून त्याला लाजवायचं कशाला! शहाण्यानं विरुद्ध बाजूचा पुरावा स्वतःच्या हातानं पोचवला.

निकाल दीड पानांचा. लोकांची फसगत होते, यांनी ती दूर केली नाही, देऊ केलेला परवाना नाकारला. नाव कंपनीला द्यावं. 'नाकारला' या शब्दावर बोट ठेवून व्हर्लिन कितीतरी वेळ बसून होता.

"मी नाकारला कधी?" त्यानं लॅव्हॉनला विचारलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मे महिन्यात बर्फ फुटलं, मासेमारीचा हंगाम उघडला. दर वर्षी या दिवसांत गॅरेजबाहेर मोटरींची रांग लागते. यंदा फोन एकच वाजला, तोही तिसऱ्या आठवड्यात. डेल्मर कोस्की, तीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"अरे, तुझ्या वेबसाइटचं नाव टाकलं तर कसल्या तरी चकचकीत नव्या मोटरी दिसायला लागल्या! म्हटलं, गेला की काय हा! चर्चच्या पत्रकात तुझी बातमीसुद्धा शोधली."

"आहे अजून."

"माझी मोटर खोकतेय रे. पण तू कामात असशील. राहू दे, उगाच कशाला... की आणू?"

"आण," व्हर्लिन म्हणाला.

पहिल्याच विचारण्याला हो ऐकून डेल्मर चपापला. मग हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "व्हर्लिन, तुझी तब्येत बरी आहे ना?"