कोपराखाली न उतरलेली नस

माझं जे काही मार्गी लागलं ते मॅडममुळे लागलं, हे आधी लिहून ठेवते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की चूक त्यांची होती. आठवीतून शाळा सुटलेली मी, जळगावच्या एका दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत बादल्या उचलायचे. मॅडमनी मला खुर्ची दिली, वही दिली, आणि पुढे बंगळूरला, त्यांच्या प्रयोगशाळेत, पगारी काम दिलं. आत्ता हे लिहितेय ते तिथूनच, उंदरांच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर बसून. मधूनमधून उठून पिंजऱ्यांच्या कड्या तपासून येते. लावलेल्या असतात, तरी जाते. स्वभावच तसा आहे.

मॅडम मूळच्या धुळ्याच्या. वडिलांचं कापडाचं दुकान, घरात मारवाडी बोलणं. त्यांनी सगळी उमर नसांमागे घालवली. नस म्हणजे रक्ताची नव्हे, मेंदूचा निरोप बोटापर्यंत नेणारी. पुस्तकात तिला मज्जातंतू म्हणतात, पण खानदेशात आल्या की मॅडमही नसच म्हणतात. ती कापली गेली की कापल्याच्या खालचा भाग मरतो. वरचं जिवंत टोक मात्र परत वाढायला लागतं, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. खाली मेलेल्या नसेची रिकामी नळी असते, तिच्यातून ते वाट काढतं. वाट मिळाली तर बोटापर्यंत पोचतं, नाही तर शिवलेल्या टाक्यापाशीच गुंडाळून बसतं. आणि हाताचे स्नायू काही फार दिवस वाट बघत नाहीत, वर्ष-दीड वर्षात वाळतात. नस आधी पोचते की स्नायू आधी वाळतो, मॅडमचं सगळं काम एवढ्यावरच चाललेलं. बंगळूरला उंदरांवर, आणि दर दोन महिन्यांनी जळगावला माणसांवर. शेतात नाही तर कापसाच्या जिनिंगमध्ये हात कापलेले लोक आमच्या दवाखान्यात यायचे, सर्जन नस शिवायचे, आणि ती कुठवर उतरली हे मॅडम तपासायच्या.

पहिल्याच फेरीला त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्ही इथल्याच ना? हे लोक माझ्याशी असे का वागतात, मी पाहुणी असल्यासारखे?"

"पाहुण्याच आहात की," मी म्हटलं.

"अहो, मी धुळ्याची आहे!"

"धुळ्याच्या असाल. पण विमानातून येता ना."

त्या खूप हसल्या. त्याच दिवशी वही माझ्या हातात आली. लोकांना फोन करून बोलवायचं, बाकावर बसवायचं, हात धुऊन घ्यायचे आणि मॅडम सांगतील तो आकडा लिहायचा.

तपासणी साधी दिसायची. मॅडम माणसाच्या हातावर बोटांकडून वर कोपराकडे हळूहळू बोटानं टिचक्या मारत जायच्या. वाढणारं टोक जिथं आलेलं असतं, तिथं टिचकी बसली की खाली बोटांत झिणझिणी उठते. तिथं त्या पेनानं रेघ मारायच्या आणि टाक्यापासून फितीनं मापायच्या. मी आकडा लिहायचे. आणि टिचक्या सुरू व्हायच्या आधी मागचा आकडा मोठ्यानं वाचायचे, "मागच्या खेपेला सहा सेंटिमीटर!" तसं वाचायला मला कुणी सांगितलं नव्हतं. आठवीनंतर माझ्या हातात वही आली होती, चार लोकांसमोर वाचायची हौस होती. मॅडमचं तेव्हा सगळं ध्यान बोटांकडे असायचं, त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

त्याच वर्षी पावसाळ्यात माझ्या मोठ्या भावाचा हात कापला. गाव पाचोऱ्याकडचं, दोन म्हशी, दुधाचा धंदा. वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा सुटला, त्यानं तो धरायला हात घातला आणि पत्र्यानं कोपर आतल्या अंगानं फाडलं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, मूठ वळेना. सर्जननी नस शिवली. ते म्हणाले, नस खाली उतरतेय असं दिसलं तर थांबू. नाही दिसलं तर सहा महिन्यांच्या आत परत उघडून पायाच्या नसेचा तुकडा जोडू, पण उशीर करून चालणार नाही. भावाचं नाव माझ्या वहीत आलं.

मॅडमची फेरी यायच्या आदल्या दिवशी तो घरी ओट्यावर बसून दुसऱ्या हातानं कोपर ठोकून बघत होता.

"माले काहीच समजस नही," तो म्हणाला.

"असं म्हनू नको भाऊ," मी म्हटलं. "त्या इतला लांबतीन येतस. हां म्हन. व्हई बरं."

हे मी का म्हटलं, त्याचा विचार पुष्कळदा केला. आमच्याकडे तेल संपलं तरी आई 'संपलं' म्हणायची नाही, 'वाढलं' म्हणायची. दुखणाईताला कुणी कसं आहे विचारलं की 'बरं शे' एवढंच उत्तर. हाताला मेलेला म्हणायचं तर नावच नको. पण ते अर्धंच कारण. मला माझ्या कामाचीही भीती होती. सगळेच 'नाही' म्हणायला लागले तर मॅडम येणं बंद करतील आणि मी परत बादल्यांकडे जाईन, असं मनात यायचं. म्हणून बाकावरच्या बाकीच्यांनाही मी हात धुताना हळूच सांगायचे, "मॅडमना बरं वाटेल असं बोला हं."

भाऊ 'हां' म्हणाला. दोन महिन्यांनी मी मोठ्यानं मागचा आकडा वाचला आणि टिचकी त्या आकड्याच्या दोन बोटं पुढे असतानाच तो 'हां' म्हणाला. नंतरच्या खेपेला आणखी पुढे. मॅडम खूश. नाशिकला पाठवून नसेत वीज सोडून बघायची तपासणी करून घेता आली असती, पण ज्याला झिणझिणी कळतेय त्याला कोण पाठवतं? सर्जन म्हणाले, थांबू. भाऊ घरी जाताना मला एसटीत विचारायचा, "खरंच उतरी राहिनी का वं?" मी म्हणायचे, वहीत लिहिलंय ना. माझाही वहीवर विश्वास बसला होता.

वर्ष उलटून दोन-तीन महिने झाले असतील. त्या दिवशी वही झेरॉक्सला गेली होती, म्हणून वाचायला काही नव्हतं. भाऊ खुर्चीत बसला, हात पुढे केला आणि मॅडमना म्हणाला, "मागला टाइमले कितलं व्हतं?"

"मागचं राहू द्या भाऊ, आजचं सांगा."

"तरी बी, अंदाज?"

बाकावर एक आबा बसले होते, त्यांचा अंगठा जिनिंगमध्ये सापडलेला. ते म्हणाले, "परीक्षाले बठेल शे का रे तू, दुसरानी वही देखाले?" सगळा बाक हसला. मीही हसले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी भावाच्याच खांद्यावरचा गमछा घेऊन त्याचे डोळे बांधले. मग हात मागे घेतला, कुठेच न लावता विचारलं, "आता?"

"हां."

"आता?"

"हां, शे ना. बोटेसमा गई."

मॅडमचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी गमछा सोडला, नीट घडी करून परत भावाच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बसा भाऊ, चहा घ्या." मग बाकावरच्या एकेकाला तसंच तपासलं. बरेच जण न लागलेल्या टिचकीला हां म्हणाले. भावाला चिडवणारे ते आबासुद्धा.

संध्याकाळी खोलीत आम्ही दोघीच होतो. मॅडमनी विचारलं, "तुम्ही यांना आधी काही सांगता का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी लगेच मान हलवली, म्हणजे विश्वास ठेवला. म्हणाल्या, "मग प्रश्नच माझा चुकला. मी 'कळतं का' असं विचारत होते. पाहुणीनं असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल?"

सर्जननी त्याच आठवड्यात भावाचा हात परत उघडला. टाक्यापाशी लसणाच्या पाकळीएवढी गाठ होती. नस तिथंच गुंडाळून बसली होती, कोपराखाली उतरलीच नव्हती. पायातला तुकडा जोडला, पण वेळ गेली होती. मॅडमनी छापायला पाठवलेला लेख मागं घेतला, खानदेशातलं दोन वर्षांचं काम बाजूला काढलं. त्यांच्या हाताखालच्या एका मुलीची पीएचडी त्यात अडकली होती, ती लांबली. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी तेव्हाच बोलून गेले असते, असं मला वाटतं. खात्री नाही.

पुढच्या फेरीला त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या माणसांना नाही म्हणायला कसं लावायचं, सांगा."

मी भीतभीत म्हटलं, "पैज लावा. डोळे बांधायचे, मधे मधे टिचकी मारायचीच नाही. उगाच हां म्हणताना जो सापडेल त्यानं बाकाला चहा पाजायचा."

ती युक्ती चालली. लोक एकमेकांना चिडवायला लागले, "नही म्हन, नही तर चहा लागी!" त्या पद्धतीवर मॅडमनी नवा लेख लिहिला आणि त्याच्या शेवटी, आभारात, माझं नाव छापलं. तो कागद मला दाखवताना त्यांना किती आनंद झाला होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यानंतर त्यांनी मला बंगळूरला बोलावून घेतलं.

इथं माझ्याकडे उंदीर आहेत. मांडीतली नस शिवलेल्या उंदराच्या मागच्या पंजाला शाई लावायची आणि त्याला अरुंद गल्लीतून कागदावर चालू द्यायचं. नस आली असेल तर बोटं फाकलेली उमटतात, नसेल तर मिटलेली. मी ते ठसे मापते आणि मोठ्यानं काहीच वाचत नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते. वहिनीनं भावाच्या हाताला चहाचा ग्लास टेकवला तर तो ओरडला, "चटका बसना!" आणि हसला. तळव्याच्या कडेपर्यंत थोडं कळायला लागलंय. पण दोन बोटं वाकडीच, मूठ वळत नाही, म्हशींची धार वहिनी काढते. वहिनी आत गेल्यावर मी त्याला म्हटलं, माझ्यामुळे झालं.

"तू सांगेल व्हतं, मी म्हनेल व्हतं," तो म्हणाला. "मी काही मॅडमले सांगाले जानार नही." मग म्हणाला, "पन तू सांग. त्यासनी सोताले चुकेल समजी लिन्हं ना."

तेच मला बोचतं. मॅडम अजून समजतात की फक्त प्रश्न चुकला होता. आता धुळ्याच्या एका दवाखान्यातही हे काम सुरू होतंय. तिथं माझ्यासारखीच कुणी बाई वही घेऊन बसेल, तिला वाचायची हौस असेल, कामाची भीती असेल. तिच्यापासून सांभाळायचं, हे मॅडमना कोण सांगणार?

मॅडम, तुमची ती वर्षं मला परत आणून देता येणार नाहीत, भावाचा हातही नाही. पण तुमच्या त्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर खोटं होतं. कधीतरी, धुळ्याचं काम जोरात सुरू व्हायच्या आत, तुमच्यासमोर बसून मी खरं उत्तर देईन. तुम्ही वही काढा, मी सांगेन ते लिहून घ्या, आणि त्यानंतर मला ठेवायचं की नाही ते ठरवा. तुमचे उपकार फेडायला माझ्याजवळ एवढंच आहे, आणि ते मी फेडणार आहे.