यातले माझे कुठले?

चेन्नईजवळ शोळिंगनल्लूरच्या एका प्रयोगशाळेत मी बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर पीएचडी करत होते, तेव्हाची ही फजिती. इलेक्ट्रोड म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर दिलेला काळा लेप. त्यातल्या बारीक छिद्रांतून बॅटरीतला द्रव आत झिरपतो. मी तो लेप सावकाश वाळवून पाहिला आणि माझे सेल खरंच जास्त टिकायला लागले. छिद्रं एकसारखी होतात म्हणून, असं कारण मी ठोकून दिलं. त्यावर शोधनिबंधही लिहिला. माझ्या मार्गदर्शक सरांची सही झाली की तो छापायला जाणार, आणि तो छापून आल्याशिवाय पदवी नाही.

पुरावा म्हणजे मायक्रोस्कोपचे फोटो. ते काढणारे काका तंजावरकडचे मराठी. त्यांचं जुन्या वळणाचं, तमिळ हेलातलं बोलणं ऐकायला मी उगाच तिथे रेंगाळायचे. फोटो कुठला काढू, असं ते दर वेळी विचारायचे आणि मी लाडीगोडी लावायचे, काका, जरा चांगली जागा बघा ना. जुन्या पद्धतीच्या, भराभर वाळवलेल्या लेपाचा मात्र भेग दिसेल तिथला. यात लबाडी आहे, असं देवाशपथ कधी मनात आलं नाही. अहो, सगळेच तसं करतात!

शेवटचे फोटो काढायचे त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. काकांनी आपल्या मनाने दोन्ही लेपांचे चार कोपरे आणि मध्य टिपला, फोटो छापले आणि मागे पेन्सिलीने नंबर घातले. बरी झाल्यावर मी ते दहा फोटो टेबलावर पसरले आणि बघतच बसले. यातले माझे कुठले? भेगा दोन्हीकडे, छिद्रं दोन्हीकडे. शेवटी त्यातला सगळ्यात देखणा उचलून उलटा केला, तर तो जुन्या लेपाचा. माझं डोकंच चालेना. सेल तर टिकतात, मग हे काय?

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. ते पेन उघडून तयारच होते. निबंध मी पिशवीतून काढलाच नाही. फोटो मांडले आणि विचारलं, यातले माझे कुठले ते सांगाल का? त्यांनी चष्मा चढवला आणि नेमका तोच देखणा फोटो उचलला.

"हा तुझा. किती एकसारखा आहे बघ. पहिल्या पानावर हाच टाक."

"सर, तो जुना आहे."

त्यांनी फोटो उलटून नंबर पाहिला. मग दुसरा उचलला, तोही चुकला. तिसऱ्याला त्यांनी हातच लावला नाही. पेनाला टोपण घातलं.

"मग तुझे सेल टिकतात कशाने?"

"माहीत नाही, सर."

पदवी दोन वर्षं लांबली. मी भांडले, रडले, चेन्नईच्याच आवडी उपनगरात राहणाऱ्या मावशीकडे जाऊन काकांना शिव्याही घातल्या. माझ्या त्या सेलांतला एक मी ठेवून घेतलाय. तो अजून चालतो, आणि का चालतो ते मला अजूनही कळलेलं नाही.