नानांचे कान आणि आजोबांची बंदूक

जुनी ठासणीची बंदूक दुरुस्त करायला घेतली, की बंदूक उडो न उडो, किस्से मात्र बिनबारुदाचे उडायला लागतात! भिलाईच्या सेक्टरमधल्या नानांच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं रिटायर्ड माणसं रोज जमतो. नाना स्टील प्लांटच्या रेल मिलचे, रूळ बनवणारे, सोनटक्के चरोद्याच्या रेल्वे यार्डातले आणि मी प्लांटच्या ऑफिसातला क्लार्क. माझं काम टॉर्च धरणं आणि हसू दाबणं.

बंदूक नानांच्या आजोबांची, चकमकीची. घोड्याच्या तोंडात गारगोटी, ती पोलादी पट्टीवर घासते, ठिणगी पडते आणि नळीत ठासलेली बारूद पेटते. निदान पेटायला पाहिजे! नानांनी तिचा बार कधीच ऐकला नव्हता. मिलच्या आवाजानं त्यांचे कान आधीच अर्धे गेलेले. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही हळूहळू जाईल. त्या दिवशी घरी येऊन नानांनी ट्रंकेतून बंदूक काढली.

"पुरा बहिरा व्हाच्या आधी मले एकदा हिचा आवाज आयकाचा आहे."

"अन् माह्या आवाजाचं काय?" नानांच्या पत्नी शोभावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

नाना गंज घासत राहिले. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाले, "काही म्हटलं का तुनं?"

हे वाक्य त्या घरात दिवसभर चालतं.

*

परवानगीसाठी दुर्गला कलेक्टर ऑफिसात गेलो. साहेबांनी बंदूक उलटीपालटी करून पाहिली आणि नानांना जोरात विचारलं, "चलती है क्या? नहीं चलती तो शोपीस है, चलती है तो लायसन्स लगेगा."

नाना म्हणाले, "साहब, वही तो देखना है! इसीलिए आए हैं!"

साहेबांनी चहा मागवला. मग पुढचे कितीतरी महिने आम्ही तिथे चहाच पीत होतो. पण लायसन्स आलं!

*

मग ठिणगी पडेना. पट्टी मऊ पडली होती. नानांनी गावोगावच्या मिलमधले जुने दोस्त बोलावले. प्रत्येकानं पोलादावर लेक्चर दिलं. कोणी म्हणे तापवून तेलात बुडवा, कोणी म्हणे पाण्यात. गॅरेजमध्ये चार इंजिनिअर भांडत होते आणि पट्टी तशीच थंड पडून होती.

वहिनी चहा घेऊन आल्या. गॅसचा लायटर दाखवत म्हणाल्या, "देशभराचे रूळ बनवले तुमी लोकांनी. माहा हा एवढासा लायटर पाहा, एका झटक्यात पेटते!"

चहा ठेवून, लायटर घेऊन त्या परत गेल्या. शेवटी पट्टी तेलातच बुडवली आणि ठिणगी पडली. नानांनी आनंदानं माझी टॉर्च हिसकावून विझवली, ठिणगी नीट दिसावी म्हणून. भर दुपारी!

*

सोनटक्क्यांना मात्र गारगोटी पसंत नव्हती. ते यार्डाकडून पिशवीभर गिट्टी, रुळांखालची खडी, घेऊन आले. "यावरून मालगाडी जाते, काहीच होत नाही. याच्यापेक्षा मजबूत दगड कोनता?"

पहिल्याच फटक्यात गिट्टीचा भुगा झाला.

"अजून दुसरी मालगाडी आण," नाना म्हणाले.

ती गिट्टी वहिनींनी तुळशीभोवती लावली आहे. छान दिसते.

*

पहिल्यांदा शूटिंग रेंजवर गेलो तो दिवस तर विचारूच नका. डोळ्यांवर चष्मे, कानांवर आवाज अडवणारे मोठमोठे मफ, सगळं नियमानं. भरायची रीत साधी: आधी बारूद, मग गोळी. नाना भरायला लागले आणि सोनटक्क्यांनी नेमका हातवारे करत, ओरडून यार्डातला एक किस्सा काढला. किस्सा संपला तेव्हा गोळी आत होती आणि बारूद बाहेर!

अख्खी सकाळ ती गोळी बाहेर काढण्यात गेली. घरी आल्यावर वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"तेल न टाकता मोहरी टाकली म्हना की!"

पण त्या रात्री नाना जेवले नाहीत. मलाही वाईट वाटलं. त्यांचं कानातलं मशीन आताशा फुल आवाजावर असतं आणि तरी आम्हाला ओरडावं लागतं.

*

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वहिनीही आल्या, मोहरीवर लक्ष ठेवायला. बंदूक स्टँडला बांधली, चापाला लांब दोरी. रेंजवरच्या कोचनं इशारा केला. नानांनी दोरी ओढली.

ठिणगी, धूर आणि बार! सोनटक्के नाचायला लागले. मी टाळ्या वाजवल्या.

नाना हलले नाहीत. धुराकडे पाहत नुसते उभे होते. मशीन खिशात, कानांवर मफ! ठिणगीसाठी आम्ही आकाशपाताळ एक केलं आणि कानांचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

"आवाज झाला का रे?" त्यांनी विचारलं.

मफ काढायला कोच तयार होईना. नियम म्हणजे नियम. बरोबरच होतं त्याचं. तेव्हा वहिनी पुढे झाल्या.

"साहब, फाटक के बाहर भी लगता है क्या ये?"

"बाहर तो कुछ नहीं लगता, माताजी."

वहिनींनी नानांचा हात धरला आणि त्यांना फाटकाबाहेर कडुलिंबाखाली नेलं. मफ काढले. खिशातलं मशीन स्वतःच्या हातानं त्यांच्या कानात बसवलं.

नानांनी तिथूनच हात हलवला. "सोनटक्के, वढ!"

बंदूक पुन्हा भरून तयार होती; आधी बारूद, मग गोळी, हे मी स्वतः पाहिलं होतं. सोनटक्क्यांनी तोंड घट्ट मिटून दोरी ओढली.

लिंबावरचे सगळे पोपट उडाले.

आम्ही धावत फाटकाशी गेलो. नाना हसत होते आणि त्यांचे गाल ओले होते. ते वहिनींकडे वळले.

"काही म्हटलं का तुनं?"

"हो," वहिनी म्हणाल्या, "अजून एक होऊ द्या म्हटलं!"