मिठागरातले शब्द आणि आमचा प्रकल्प

म्हात्रे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते. मुलांनी ब्युरेट भरून ठेवले होते. मी परीक्षा पूर्ण केली, गुणांचं पाकीट बंद केलं आणि मग स्कूटर काढून पेणच्या रस्त्याला लागले. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सरांनी माझ्या जागी हेच केलं असतं, असं मी वाटेत स्वतःला सांगत होते... ते खरं नव्हतं. सर परीक्षा टाकून आले असते.

दिगंबर म्हात्रे आमच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. आईवडील मिठागरावर राबलेले. खाडीकाठच्या मिठागरांत बोलले जाणारे शब्द ते कित्येक वर्षं गोळा करत होते. पाण्याचा रंग, बांधाचा चिखल, मिठाचा दाणा, प्रत्येकाला तिथे वेगळं नाव. त्याचा त्यांना कोश करायचा होता. मिठागरं एकामागून एक भरावाखाली जात होती, पोरं ट्रकच्या धंद्यात शिरली होती, म्हणजे वेळ थोडा होता. संशोधन अनुदानासाठी त्यांनी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा शेरा एकच : उपयोजन स्पष्ट नाही.

तिसरा अर्ज मी लिहिला. मी म्हटलं, "सर, शब्दांना कोणी पैसे देणार नाही. पाण्याला देतील." खाजणातल्या पाण्याची क्षारता आणि स्थानिक ज्ञान, असं शीर्षक केलं. मी मुख्य संशोधक, सर सहसंशोधक. स्थानिक ज्ञान मोजता आलं पाहिजे, म्हणून चाळीस प्रश्नांची प्रश्नावली जोडली. अर्ज पहिल्या फेरीत मंजूर झाला.

हे आमच्या दोघांपुरतं नव्हतं. आमच्याकडे मोडी कागद वाचणारे इतिहासाचे सर किल्ल्यांच्या पर्यटनाकडे वळले, गावतळ्यांवर काम करणाऱ्या भूगोलाच्या मॅडम उपग्रहाच्या नकाशांकडे. कोणी खोटं काही केलं नाही. अनुदानाला जे दिसतं त्या बाजूला प्रत्येकाने आपलं काम थोडं थोडं सरकवलं. आणि अनुदान वाईट होतं असंही मी म्हणणार नाही. त्यातून आलेल्या उपकरणांवर आज मुली एम.एस्सी. करतायत. माझी बढतीही त्यातल्याच शोधनिबंधांवर झाली.

मीठ धरतं उन्हाळ्याच्या तोंडाशी. नेमका मार्च महिना आमच्या अहवालांचा आणि उपयोगिता प्रमाणपत्रांचा. तीन वर्षं, मिठागर ऐन भरात असताना, सर माझ्या समोरच्या टेबलावर तक्ते भरत बसले. अर्जात कामाचं वेळापत्रक मीच आखलं होतं. हंगाम कधी असतो, हे मी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या वर्षी मिठागरावर जायला एक दिवस मिळाला. ठमाबाई म्हणून सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या, सरांच्या आईच्या मिठागरावरच्या जोडीदारीण. मी मिठाच्या वाफ्यात क्षारता मोजायला हायड्रोमीटर सोडला, सरांनी प्रश्नावली काढली.

ठमाबाई म्हणाल्या, "दिगू, आज कागद घेऊन आलास? मंग मी कशाला बोलू? तुजा कागदच बोलंल."

"आत्या, थोडंच हाय. होय नाय सांग फक्त."

"शाळेत न्हाय गेले, सुटले वाटलं व्हतं. म्हातारपणी पेपर देतेय."

सर हसले आणि प्रश्न विचारत राहिले. चौदाव्या प्रश्नाच्या मध्येच वारा पडला. ठमाबाईंनी वाफ्याकडे बोट दाखवून एक शब्द उच्चारला. सरांनी पेन थांबवलं, मागच्या कोऱ्या बाजूवर तो लिहायला कागद उलटा केला. ऊन चढत होतं, मला अजून तीन वाफे करायचे होते. मी म्हटलं, "सर, आधी फॉर्म पुरा करा. अर्धवट फॉर्म धरत नाहीत." त्यांनी कागद सुलटा केला. शब्द काय, पुढच्या खेपेलाही विचारता आला असता. पुढे मार्चअखेर आली आणि पावसाळ्यात ठमाबाई गेल्या.

सरांचं डायलिसिस सुरू झाल्यावर एका दुपारी त्यांचा फोन आला. "मॅडम, वारा पडला होता तेव्हा आत्या काय म्हणाली, आठवतं का? तुम्ही जवळ होतात."

"नाही सर. त्या दिवसाचं रीडिंग आहे माझ्याकडे."

"ते असणारच," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. नंतर बराच वेळ आम्ही विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमाबद्दल बोललो.

ते गेल्यावर मी तो शब्द विचारायला ठमाबाईंच्या सुनेकडे जाऊन आले. ती म्हणाली, "आमी कुठं उतरलो मिठागरात? मी कंपनीत होते. म्हातारीलाच ठाव."

वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मागच्या महिन्यात त्यांची कार्डं माझ्याकडे दिली. बुटांच्या तीन खोक्यांत भरलेली, प्रत्येकावर वर शब्द आणि खाली अर्थ. बहुतेक प्रकल्पाच्या आधीची आहेत. "तुम्ही कामं तडीला नेता," असं वहिनी म्हणाल्या. कोश छापायचा आहे. त्यासाठी मी कुठे अर्ज केलेला नाही. रोज कॉलेजातून आल्यावर तासभर कार्डं अकारविल्हे लावते. काम सरळ आहे, आता 'प' पर्यंत आले.

एक कार्ड मात्र कुठेच लावता येत नाही. अक्षर सरांचंच, पण आजारपणातलं, थरथरतं. 'वारा पडल्यावर, मीठ धरण्याच्या आधी पाण्यावर येणारा पातळ पापुद्रा. बोट लावलं की बुडतो.' अर्थ पुरा आहे. वरची ओळ मोकळी आहे. शब्दच नसेल तर कार्ड कोणत्या अक्षराखाली ठेवायचं... मी ते टेबलावर वेगळं ठेवलं आहे. पंखा लावला की उडतं, म्हणून त्या तासात मी पंखा लावत नाही.