पान निंगव्वाचं

अर्ज मी दोन दिवस खपून लिहिला होता. ‘या अभागी, असहाय स्त्रीच्या थरथरत्या हातांकडे पाहून’ असं त्यातलं एक वाक्य होतं. नरसक्काच्या अंगणात मी तो मोठ्याने वाचला. बिड्या वळणाऱ्या दोन बायांनी डोळे पुसले. जिच्यासाठी अर्ज होता त्या निंगव्वाने मात्र खाली घातलेली मान वर केली नाही.

नरसक्काची बोटं थांबली नव्हती.

“लई झ्याक लिवलंय, बाई,” ती म्हणाली. “फकस्त हिला जित्ती ठेवायची राहिली.”

हे १९७५ सालचं. अकरावीचे वर्ग सोलापुरात त्याच जूनमध्ये सुरू झाले होते. अर्थशास्त्राला माणूस मिळेना, म्हणून मराठी घेऊन बीए झालेल्या मला शाळेने तो विषय दिला. मी शहराच्या पूर्व भागात नरसक्काशेजारची खोली घेतली. तिचं खरं नाव नरसव्वा. नवरा अक्कलकोट रोडला यंत्रमागावर टॉवेल विणायचा. ती आठव्या वर्षापासून बिड्या वळत होती. शाळा तिने बाहेरून पाहिलेली. पंचवीस बिड्यांचं एक बंडल, आणि सगळं जग ती बंडलांत मोजायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, नजर माझ्याकडे, आणि बोटांतून बिडी तयार होऊन बाजूला पडायची. मी तासन्‌तास बघत बसे. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. तरी मैत्री झाली.

निंगव्वा तिची शेजारीण, अक्कलकोटकडची. लहानपणी चुलीत पडून उजव्या हाताचा अंगठा आखडलेला. पान कापायला तो कसाबसा चाले, वळायला अजिबात नाही. दिवसभर बसून तिच्या अडीचशे बिड्या व्हायच्या. कारखान्याने नवा नियम काढला : रोज तीनशेच्या खाली आणणारीचं कार्ड बंद. कार्ड गेलं की काम गेलं. निंगव्वाला पोसणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

नरसक्काने आधी एक चोरी करून पाहिली होती. आपल्या पन्नास बिड्या गुपचूप निंगव्वाच्या ढिगात सरकवल्या. कारखान्याचा चेकर धोंडप्पा. त्याने दोन बोटांत एक बिडी फिरवली आणि म्हणाला, “हा हात नरसव्वाचा.” पन्नासही बिड्या छाटात, म्हणजे नापास मालात, फेकल्या. पुन्हा असं केलं तर दोघींचीही कार्डं काढून घेईन, असंही सांगितलं. आम्हा शिक्षकांना मुलांचं अक्षर ओळखू येतं, तसा प्रत्येक बाईचा हात त्याला ओळखू येई.

म्हणून कारखान्याच्या मालकांना माझा अर्ज.

“फाडा त्यो,” नरसक्का म्हणाली. मग आपली कात्री आणि पान मापाने कापायचा पत्र्याचा फर्मा तिने निंगव्वापुढे ठेवला. “उद्यापासनं माजी समदी पानं तू काप.”

नरसक्का आपल्या कात्रीला कुणाला हात लावू देत नसे.

मी म्हटलं, “अक्का, पण पानसुद्धा तुम्हीच तिच्यापेक्षा लवकर कापता.”

“दुप्पट लवकर.”

“मग?”

“मग मी पानं कापत बसल्यावर बिड्या कोन वळनार? तुमी?”

बाया हसल्या. निंगव्वाही हसली. मला वाटलं, नरसक्का शेजारधर्म करतेय आणि तो लपवायला असं बोलतेय.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मनगटावरचं घड्याळ काढून मी त्यांच्यात बसले. पाचशे पानं कापायला नरसक्काला एक तास लागे. त्याच तासात ती कापलेल्या पानांच्या दीडशेवर बिड्या वळू शकत होती. तेवढ्याच पानांना निंगव्वाला दोन तास लागत. पण त्या दोन तासांत तिच्या बिड्या वळून झाल्या असत्या फार तर सत्तर. म्हणजे नरसक्काने कापलेली पाचशे पानं दीडशे बिड्यांना पडत आणि निंगव्वाने कापलेली सत्तर बिड्यांना. हळू हाताची पानं स्वस्त होती.

आधी नरसक्काच्या हजार आणि निंगव्वाच्या अडीचशे, मिळून साडेबाराशे व्हायच्या. आता नरसक्का आठ तास नुसती वळत होती. निंगव्वा तिची पानं कापून उरलेल्या वेळात आपल्याही थोड्या वळत होती. संध्याकाळी ढीग मोजला. चौदाशे. तेवढेच तास, तेच हात.

मी खोलीत जाऊन पाठ्यपुस्तक उघडलं. त्यात दोन देश होते. पहिला देश कापड आणि धान्य दोन्ही दुसऱ्यापेक्षा कमी श्रमात काढायचा. तरीही तो धान्य दुसऱ्याकडून घ्यायचा आणि दोघांचं भलं व्हायचं. हा परिच्छेद मी वर्गात घाईने वाचून टाकला होता. मला ती छापखान्याची चूक वाटली होती. सगळ्यात मागे असलेल्याकडून सगळ्यात पुढे असलेला काय घेणार? आता तो परिच्छेद मी चार वेळा वाचला.

बाहेर येऊन मी नरसक्काला सांगितलं की देशही असंच करतात.

“आस्सं?” ती म्हणाली. “त्यास्नी कुनी शिकवलं?”

जास्तीच्या दीडशे बिड्या कशा वाटायच्या, ते पुस्तकात नव्हतं. ते नरसक्काने ठरवलं. शंभर निंगव्वाला, पन्नास आपल्याला. “पन्नास फुकटच की,” ती म्हणाली.

आता प्रश्न धोंडप्पाचा होता. सकाळी मीही त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. निंगव्वाने साडेतीनशे बिड्या पुढे ठेवल्या. धोंडप्पाने एक उचलली, फिरवली आणि वर पाहिलं.

“नरसव्वा, सांगितलं हुतं का न्हाय तुला?”

निंगव्वाने माझा दंड घट्ट धरला.

“सांगितलं हुतं की, अण्णा. वळलीया मीच.” नरसक्काने आपल्या साडेदहाशे बिड्या त्याच्याजवळ सरकवल्या. “आता ह्या माझ्या ढिगात निंगव्वाचा हात कुटं हाय, ते सांगा.”

“हितं तिचा कशाला आसंल?”

नरसक्काने एक बिडी उचलली, दोरा तोडला आणि पान उलगडून त्याच्या तळहातावर ठेवलं. तंबाखू सांडली. पानाच्या कडा सरळ, कोपरे नेमके होते.

“पान निंगव्वाचं. समद्यात तिचंच. माझ्या ढिगातलं पान तिचं आन तिच्या ढिगातली वळणी माझी. चोरी कुनी कुनाची केली, तुमीच सांगा.”

धोंडप्पाने तिच्या ढिगातली आणखी एक बिडी उलगडली. मग निंगव्वाच्या ढिगातली. तिन्ही पानं त्याने एकावर एक ठेवली. वीस वर्षं तो वळणारीचा हात ओळखत आला होता. कापणारीचा हात त्याने कधी शोधला नव्हता.

“छाट कमी निघंल ह्यानं,” शेवटी तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. दोन्ही कार्डांवर शिक्के मारले. “उद्यापासनं एकदमच आणा दोघी. माजी बोटं वाचतील.”

बाहेर आल्यावर निंगव्वाने कार्ड माझ्यापुढे धरलं.

“बाई, हितं माजं काय लिवलंय?”

मी वाचलं. “निंगव्वा ईरप्पा. बिडी कामगार.”

“आन?”

“एवढंच.”

तिने ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग कार्ड पदराच्या गाठीत बांधलं आणि नरसक्काला म्हणाली, “चल की. पानं भिजत घालायची हायती.”