सुईचा तिसरा ठोका

‘‘हात लावला की उठतं हो हे!’’ असं म्हणून तो इंजिनाच्या पाठीवर थाप मारायचा, बाजारात बैल खपवायला आलेला दलाल मारतो तशी. थाप मारताना बोटातली पुखराजाची अंगठी पत्र्यावर वाजायची. मग एक पाऊल मागे सरून, डोळे बारीक करून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते पाहायचा.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. स्वतःच्या मालाच्या आधी गिऱ्हाइकाचा चेहरा तपासणारा. मी अकोल्यात भंगार गोळा करून सुरुवात केली आणि आज अमरावतीला बडनेरा रोडवर शेतपंपांची जुनी इंजिनं उघडून, बसवून विकतो. आयुष्यभर अशाच लोकांशी घासाघीस करत आलोय. पण बाकीचे निदान खोटं बोलताना घाबरतात. हा घाबरत नव्हता.

अकोल्याबाहेर पातूर रोडला एका माळावर त्याची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये दोन माणसांचं एक लहानसं विमान. गवताच्या पट्टीवरून उडायचं, तिथेच उतरायचं. तो स्वतःला वैमानिक, प्रशिक्षक आणि अभियंता असं तिन्ही म्हणवून घ्यायचा. जन्म तेल्हाऱ्याचा, पण बोलणं असं, की पुण्याच्या माणसानं शरमून गप्प बसावं. ‘‘आपण निश्चिंत असावं,’’ ‘‘आपल्याला कल्पना नसेल,’’ असं बोलायचा. मी त्याला तोंडावर साहेब म्हणायचो. माझी मुलगी प्राची सर म्हणायची, आणि आजही म्हणते. तिच्या मते मी निदान लिहिताना तरी त्याला ‘ते’ म्हणावं. मी म्हणणार नाही.

प्राची उडायला शिकली ती त्याच्याकडे. लायसन मिळाल्यावर तिनं एकच धोशा लावला. सर विमान विकून राहिले, बाबा, आपण घेऊ. मी लोकांना उडवीन, शिकवीन. एकुलती मुलगी, नाही म्हणता येईना. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. घेणार मी असलो तरी बसणार ती होती. पंप बंद पडला तर शेत कोरडं राहतं. हे बंद पडलं तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून मी इसार दिला आणि इंजिन तपासायला गेलो.

हे इंजिन आपल्या नेहमीच्या इंजिनासारखं नव्हतं. यात पिस्टन नाही, वॉल्व्ह नाही. फुगलेल्या समोशासारखा एक तिकोनी रोटर, मधे किंचित दबलेल्या भोपळ्यासारख्या पोकळीत गरगर फिरतो. समोशाच्या तीन बाजूंना तीन खोल्या होतात. प्रत्येक टोकाला खाचेत बसवलेली एक बारीक पट्टी, तिच्याखाली स्प्रिंग. स्प्रिंग पट्टीला बाहेर दाबते, पट्टी भिंतीला घासत फिरते आणि एका खोलीतली हवा दुसरीत जाऊ देत नाही. पट्टी अडकली की हवा निसटते, दाब पडतो, ताकद जाते. एवढंच शास्त्र आहे. मी ते महिनाभर रोज मोबाइलवर पाहून शिकलो होतो. त्याला वाटलं, हा पंपवाला काय समजणार!

त्यानं प्लग काढला. टेबलावरची लांब चोचीची तेलाची कुप्पी उचलली आणि प्लगच्या भोकातून आत दोन पिचकाऱ्या मारल्या. इतक्या सहज, जशी गृहिणी वरणावर तूप सोडते. मग गेज बसवलं, स्टार्टर फिरवला. सुई चढली आणि वरच थांबली.

‘‘पाहा,’’ तो म्हणाला. ‘‘नव्या इंजिनासारखा दाब.’’

‘‘साहेब, तेल कावून टाकलं?’’

‘‘वंगण हो. आपल्याला कल्पना नसेल.’’

मला होती. उमेदीच्या वयात मी एका जिनिंगसाठी कापूस घ्यायला उभा राहत असे. गाडीतल्या कापसावर आतून पाणी मारलेलं असायचं. वजन वाढतं, आणि वरून हात घातला तर कापूस कोरडा. आम्ही खांद्यापर्यंत हात घालायचो. तेलाचंही तसंच आहे. फटीत तेल गेलं की दोन-चार फेऱ्यांपुरती फट बुजते, सुई चढते. ते तेल जळून गेलं की जैसे थे.

आणि दुसरी लबाडी. साधं गेज सगळ्यांत मोठा दाब पकडून ठेवतं. तीन खोल्यांपैकी एक जरी धड असली तरी सुई वर जाऊन बसते, आणि बाकीच्या दोघी त्या एकीच्या पदराआड लपतात. गेजच्या बगलेचं बटण दाबून धरलं तरच सुई मोकळी होते आणि प्रत्येक खोलीचा वेगळा ठोका दाखवते. त्याचं बोट बटणाच्या जवळपासही गेलं नव्हतं.

‘‘इंजिन गरम करा,’’ मी म्हणालो. ‘‘चांगलं चालू द्या. मंग बंद करून मोजू. पन त्या कुप्पीले हात लावाचा नाई. आन बॅटरी माही लावू, नवी हाय. नाई तर तुमी मनान, स्टार्टर हळू फिरला.’’

प्राचीनं माझा दंड धरला. ‘‘बाबा, काय करून राहिले तुमी? सर हायत ते.’’

‘‘सर हायत तर पेपर सोपा जाईन त्याइले.’’

तो हसला. अंगठी पत्र्यावर वाजली. इंजिन चालवून गरम केलं, बंद केलं, प्लगच्या जागी पुन्हा गेज बसवलं. या वेळी बटणावर अंगठा माझा होता. स्टार्टर फिरला. सुई उडाली, उडाली, आणि तिसऱ्या वेळी नुसती फुरफुरली, पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या पापणीसारखी. पुन्हा तेच. ठक्, ठक्, फुस्. ठक्, ठक्, फुस्.

‘‘साहेब, तिसरी खोली खाली हाय.’’

घाम त्याला फुटायला हवा होता. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि गेजची काच पुसली.

‘‘हे तीन भावांचं कुटुंब आहे,’’ तो म्हणाला. ‘‘दोन कमावते असले की तिसरा सांभाळला जातो.’’

‘‘जमिनीवर चालते ते. हवेत तिसरा कोनाच्या खांद्यावर बसन?’’

‘‘मी हे इंजिन डोळे झाकून उघडतो, डोळे झाकून बसवतो. गरज असती तर उघडलं नसतं का?’’

‘‘मंग उघडा. डोळे उघडे ठेवून उघडलं तरी चालन मले.’’

नाही उघडलं. मी जातानाच शेडला माझं कुलूप लावलं. कापसाच्या धंद्यात ही रीतच आहे. इसार दिला की गोदामाला घेणाऱ्याचं कुलूप, म्हणजे मधल्या काळात माल बदलत नाही. किल्ली खिशात टाकली आणि त्याला सांगितलं, इंजिन उघडेपर्यंत हे हलणार नाही. प्राची त्या दिवशी अकोल्यातच मैत्रिणीकडे राहिली. माझ्याशी बोलायचं नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्ता करत होतो, तेव्हा तिचा फोन आला. आवाज शांत होता. मुली फार शांत बोलल्या की बापानं ओळखावं.

त्यानं कुलूप तोडलं होतं. तिला म्हणाला होता, ‘‘तुझ्या वडिलांचा गैरसमज दूर करू.’’ आणि ही बसली. माझ्या पोटची मुलगी, सुईचा तिसरा ठोका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, त्याच्या शब्दावर बसली. माझ्या मनात त्याच्याबद्दलचा जो राग आहे ना, त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे. फसवणाऱ्यानं मला फसवावं. मी धंद्यात आहे, मी पाहून घेईन. विश्वास टाकणाऱ्याला घेऊन हवेत जाऊ नये.

वर गेल्यावर त्यानं आपला नेहमीचा खेळ केला. उंचीवर इंजिन बंद करायचं. ‘‘आता शांतता ऐका,’’ असं म्हणायचं. मग बटण दाबून पुन्हा सुरू करायचं आणि मागे बसलेल्याच्या टाळ्या घ्यायच्या. त्यानं बंद केलं. शांतता ऐकवली. बटण दाबलं. स्टार्टर फिरला, इंजिन उठलं नाही. गरम इंजिन, पडलेला दाब, कुठून उठणार? पुन्हा दाबलं. पुन्हा. आणि मग, प्राची सांगते, त्याची ती पुणेरी भाषा वाऱ्यावर उडून गेली.

‘‘पोरी, घट्ट धर. आपन खाली चाललो. डोये नको मिटू, माह्या खांद्याले पाहात राय.’’

तो एका हरभऱ्याच्या शेतात उतरला. उतरला चांगला, हे मी नाकारत नाही. विजेच्या तारा चुकवल्या, विहीर चुकवली, शेवटी पुढचं चाक काळ्या मातीच्या भेगेत गेलं आणि विमान नाकावर बसलं. पंखा मोडला. प्राचीच्या हनुवटीला टाके पडले. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, कारण शेवटच्या क्षणी त्यानं हात मागे टाकून तिला दाबून धरलं होतं. शेताची मालकीण धावत आली, आणि दोघं जिवंत आहेत हे पाहिल्यावर तिनं विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता.

‘‘बाप्पा! एवढं मोठं आभाय सोडून माह्या हरबऱ्यातच उतराचं होतं काय रे?’’

मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो खांदा बांधून बसला होता. मी भांडायला गेलो नव्हतो. मला एक वाक्य हवं होतं. ‘तुमचं बरोबर होतं.’ एवढंच. पुढचं सगळं मी सोडून द्यायला तयार होतो, आणि मी काही सोडून देणारा माणूस नाही, हे माझ्याशी व्यवहार केलेला कोणीही सांगेल.

‘‘वारा फिरला,’’ तो म्हणाला.

‘‘आन कुलूप?’’

‘‘ते गंजलेलं होतं.’’

नवं कोरं कुलूप होतं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट कण्हायचं थांबून आमच्याकडे पाहू लागला, इतका माझा आवाज चढला. नर्सनं मला बाहेर काढलं. जाता जाता मी सांगितलं, इसारात इंजिन नेतो. तो मान फिरवून खिडकीकडे पाहत राहिला. नाही म्हणाला नाही.

इंजिन माझ्या टेबलावर आलं. उघडायला घेतलं आणि पाना हातातच राहिला. सगळी जुडी एकत्र धरणाऱ्या प्रत्येक बोल्टच्या माथ्यावर कारखान्यानं ओढलेली रंगाची रेघ होती. बोल्ट एकदा जरी फिरला असता तरी ती रेघ तुटली असती. एकही तुटली नव्हती. डोळे झाकून उघडणाऱ्यानं हे इंजिन आयुष्यात कधी उघडलंच नव्हतं!

आत तिसऱ्या टोकाची पट्टी काजळीनं खाचेत घट्ट बसली होती, आणि तिच्याखालची स्प्रिंग तापून लेचीपेची झाली होती. पट्टी मोडलेली नव्हती. भिंतीला ओरखडा नव्हता. डिझेलमध्ये भिजत ठेवली, रोज लाकडी काडीनं जरा जरा हलवली, शेवटी एका सकाळी तेलकट बोटांत अलगद आली. स्प्रिंग नवी घातली. बस. एवढ्यासाठी तो वर्षानुवर्षं कुप्पीनं तेल मारत राहिला.

बोल्टांना पाना लावण्याआधीच मी प्राचीला बोलावून रेघा दाखवल्या होत्या. मला वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडतील. तिनं एकेका बोल्टवर बोट फिरवलं.

‘‘त्याइले भीती वाटत असन, बाबा. उघडलं आन बसवताच नाई आलं तर? इकडं कोनाले येते हे इंजिन?’’

‘‘मंग सांगाचं होतं तसं.’’

‘‘कोनाले? तुमाले?’’

मी तिला बरंच सुनावलं.

इंजिन जुळवलं, मोजलं. ठक्, ठक्, ठक्. तिन्ही ठोके सारखे, कुप्पीला हात न लावता. त्याच दिवशी मी इंजिन लाकडी चौकटीवर आवळलं, टेम्पोत चढवलं, बॅटरी आणि गेज घेतलं आणि अकोल्याला निघालो. जुन्या शहरात एका गल्लीत तो भाड्याच्या खोलीत राहायचा. ठरवलं होतं, त्याच्या दारात टेम्पो उभा करायचा, बटणावर त्याचाच अंगठा ठेवायचा आणि ते वाक्य वदवून घ्यायचं. मूर्तिजापूरला चहालाही थांबलो नाही.

खोलीला कुलूप होतं. सौद्याच्या बोलणीला प्राचीला घेऊन इथं आलो होतो तेव्हापासून ओळखणाऱ्या, समोर शिवणाचं दुकान असलेल्या रशीदभाईंनी मशीन थांबवून मान वर केली.

‘‘साहब को ढूंढ रहे? वो तो गुज़र गए. दिल का था कुछ. महीना हो गया होगा. आपकी बेटी आई थी ना मिट्टी को.’’

मी प्राचीला फोन लावला. ‘‘सांगितलं कावून नाई मले?’’

‘‘तुमी तिथंई भांडले असते, बाबा.’’

फोन ठेवला. ते वाक्य न बोलता गेला होता माणूस. आयुष्यभर निसटत आला आणि शेवटीही निसटला. मी टेम्पोच्या हौद्यात चढलो. कशासाठी ते विचारू नका. गेज बसवलं, बटण दाबून धरलं, स्टार्टर फिरवला. गल्लीत आवाज घुमला. ठक्, ठक्, ठक्. ठक्, ठक्, ठक्. दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

रशीदभाई चष्मा कपाळावर ढकलून हौद्यापाशी आले. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण दिवसभर मशीन चालवणारा माणूस, त्याचा कान तयार असतो. थोडा वेळ ऐकलं.

‘‘एकदम एकसार चल रहा,’’ ते म्हणाले. मग इंजिनाच्या पाठीवर हलकेच थाप मारली. ‘‘बेचने का है क्या, भाई? क्या बोलते?’’

मी स्टार्टरवरचा हात काढला. भाव नाही सांगितला.